वाचकांचे प्रश्न: हरलेली टीम परत मैदानात कशी?

प्रश्न: लेकीकडे नॉर्थ कॅरोलायनात केरीला आलेय. घरात जावई आणि नात दोघं कॉलेजच्या मुलींच्या सॉकरचे, म्हणजे आपल्या फुटबॉलचे, वेडे. नोव्हेंबरमध्ये त्यांची लाडकी टीम नॉकआउटमध्ये हरली, दोन दिवस घरात सुतक, आणि पुढच्याच आठवड्यात तीच टीम परत खेळतेय! नॉकआउट म्हणजे हरलं की घरी ना? – एक आजी, केरी

उत्तर: आजी, ती नॉकआउट वेगळी आणि ही वेगळी. तिकडे युनिव्हर्सिट्यांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात, नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीची एसीसी. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत साध्या मॅचेस, मग बहुतेक कॉन्फरन्स आपापल्या वरच्या टीम्सची छोटी स्पर्धा घेतात, ती जिंकली की एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या देशभराच्या संघटनेच्या, नॅशनल स्पर्धेत थेट एंट्री. पण नॅशनलला 64 टीम्स घेतात आणि कॉन्फरन्स आहेत साधारण तीस, मग उरलेल्या जागा एक कमिटी भरते. ती नुसतं किती जिंकलात बघत नाही, कोणाशी खेळून जिंकलात तेही बघते, म्हणून एसीसीसारख्या तगड्या गटातली चार-पाच मॅचेस हरलेली टीम आत आणि कमजोर गटातली भरपूर जिंकलेली बाहेर, असं दर वर्षी होतं आणि दर वर्षी त्यावरून भांडणं होतात. मला विचाराल तर कमिटीचं तत्त्व बरोबर आहे, पण लहान कॉलेजांना मोठ्या टीम्स मॅच द्यायलाच फारशा तयार नसतात, मग त्यांनी सिद्ध तरी कुठे करायचं?

तुमच्याच गावातलं उदाहरण देते. 2022 ला एसीसीची फायनल केरीलाच झाली, फ्लोरिडा स्टेटने नॉर्थ कॅरोलायनाला 2-1 हरवलं. आणि महिन्याच्या आत त्याच केरीत नॅशनलच्या सेमीला हीच जोडी परत समोरासमोर, या वेळी नॉर्थ कॅरोलायना 3-2. तेव्हा कॉन्फरन्समध्ये हरल्याचं सुतक एक दिवसाच्या वर पाळू नका. नॅशनलमध्ये मात्र हरलं की खरंच बॅग भरायची.

प्रश्न: बरोबरी झाली तर काय करतात? आणि मी एक मॅच बघितली त्यात बाहेर गेलेली प्लेअर परत आत आली, हे चालतं?? आमच्या शाहू स्टेडियमवर असं केलं तर दगडफेक होईल. – कोल्हापूरचा एक पेठकरी

उत्तर: चालतं हो! कॉलेजचे नियम फिफापेक्षा सैल आहेत, सेकंड हाफमध्ये बाहेर गेलेली मुलगी एकदा परत येऊ शकते. घड्याळसुद्धा उलटं चालतं, 45:00 वरून शून्याकडे, आणि गोल झाला की थांबतं, त्यामुळे रेफरीच्या मनातली जादा मिनिटं ही भानगडच नाही, बोर्डावर शून्य आलं की हाफ संपला. बरोबरीचं म्हणाल तर 2022 पासून साध्या मॅचेस बरोबरीत सोडून देतात, नॉकआउटमध्ये दहा-दहा मिनिटांचे दोन ओव्हरटाइम पूर्ण खेळवतात आणि तरीही नाही सुटलं तर पेनल्टी.

त्याच 2022 ची नॅशनलची फायनल जमली तर शोधून बघा. नॉर्थ कॅरोलायना 2-0 पुढे, शेवटची दहा मिनिटं उरलेली, यूसीएलएने एक फेडला, आणि मग बोर्डावर 16 सेकंद शिल्लक असताना कॉर्नरवरून हेडर, 2-2! ओव्हरटाइममध्ये मारिकार्मेन रेयेसने तिसरा मारला आणि कप कॅलिफोर्नियाला गेला. यूसीएलएच्या कोच मार्गरीट आओझासा यांचं हेड कोच म्हणून ते पहिलंच वर्ष होतं.

प्रश्न: सगळीकडे नॉर्थ कॅरोलायनाचंच नाव का? – कॉलेजची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर: कारण ते सगळ्यात आधी मनापासून कामाला लागले. 1972 च्या टायटल नाइन कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करायला बंदी केली, त्यात खेळही आले, तरी बरीच कॉलेजं चालढकल करत होती. इथे अ‍ॅन्सन डोरन्स कोच झाले आणि 1982 ला एनसीएएची पहिली स्पर्धा झाली तीच यांनी जिंकली. 1986 ते 1994 सलग नऊ वर्षं कप यांच्याकडेच! अमेरिकेची गाजलेली प्लेअर मिया हॅम त्यातलीच, चार वेळा जिंकली. डोरन्सनीच 1991 चा पहिला महिला वर्ल्ड कप अमेरिकेला जिंकून दिला, कॉलेजची नोकरी सांभाळून. 1995 ला नोत्र दामने सेमीमध्ये साखळी तोडली, हळूहळू स्टॅनफर्ड, फ्लोरिडा स्टेट वर आले, आणि 2012 नंतर यांचा कप जो आटला तो आटलाच, 2018, 2019, 2022 तिन्ही फायनल हरले. ऑगस्ट 2024 मध्ये, सीझन तोंडावर असताना, डोरन्स निवृत्त झाले, टीम डेमन नाहास यांच्याकडे तात्पुरती दिली आणि त्याच डिसेंबरला केरीत वेक फॉरेस्टला 1-0 हरवून बाविसावा कप आला. बारा वर्षं वाट बघितली डोरन्सनी, आणि आला तो नेमका ते घरी बसल्यावर.