वाचक विचारतात : चित्रफिती आहेत, मग तासाला करायचे काय?

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. टाळेबंदीत चित्रित केलेली माझी व्याख्याने प्राचार्यांच्या सूचनेवरून आता विद्यार्थ्यांना खुली केली आहेत. परिणाम असा की मुले वर्गात येईनाशी झाली आणि पन्नास मिनिटांची चित्रफीतही कोणी पुरी पाहत नाही. यालाच नवोपक्रम म्हणायचे का?

उत्तर : म्हणू नये, असे माझे मत आहे. जे चित्रफितीत आहे तेच तुम्ही फळ्यापुढे पुन्हा सांगत असाल, तर एस.टी.ची गर्दी सोसून यायचे कशाला, हा मुलांचा हिशेब चुकीचा नाही. बदलायला हवा तो तास.

हार्वर्ड विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक माझुर यांची गोष्ट इथे उपयोगी पडेल. विद्यार्थ्यांत ते उत्तम शिक्षक म्हणून नावाजलेले होते. पण १९९०च्या सुमारास त्यांनी बलाच्या संकल्पनांवर साधी चाचणी घेतली, तेव्हा वर्गातून विचारणा झाली की, उत्तरे तुम्ही शिकवले तशी लिहायची की आम्हाला वाटते तशी? जड ट्रक हलक्या मोटारीवर आदळला तर कोण कोणावर अधिक बल लावते, अशा धर्तीचे ते प्रश्न होते. न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असलेली मुलेही ‘ट्रक’ म्हणतात. (आपल्याकडेही म्हणतात, विचारून पाहा.) बले समानच असतात, मोटारीचा चेंदामेंदा होतो तो तिचे वस्तुमान कमी म्हणून, हे त्यांना पाठ असते, पटलेले नसते.

माझुर यांनी १९९१पासून वाचन घरी सोपवले आणि तासाला प्रश्न ठेवले. प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे आणि त्यानंतर पुन्हा उत्तर द्यायचे. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर आली तर चर्चा रंगते. त्याहून कमी आली तर शिक्षकाने मुद्दा पुन्हा समजावावा, जास्त आली तर पुढे जावे. नुकताच एखादा मुद्दा कळलेल्या मुलाला आपण कुठे अडखळलो होतो ते आठवत असते. आपल्याला, म्हणजे शिक्षकांना, ते आठवेनासे होऊन वर्षे लोटलेली असतात.

यासाठी यंत्रे लागत नाहीत. मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला अ, ब, क, ड लिहून कार्डे केली होती आणि ती छातीशी धरायला सांगत असे, म्हणजे शेजाऱ्याचे पाहून उत्तर बदलता येत नाही. तुमच्या चित्रफितींचे आठ-दहा मिनिटांचे तुकडे पाडा, आदल्या दिवशी एकच तुकडा पाहायला सांगा आणि तासाची सुरुवात त्यावरच्या प्रश्नाने करा. अभ्यासक्रम मागे पडेल, शेजारच्या वर्गातून गलक्याची तक्रारही येईल. सोडवलेली उदाहरणे चित्रफितीतच ठेवलीत तर बराचसा वेळ भरून निघतो.

प्रश्न : मुलाने केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणमंचावर अभ्यासक्रम केला तर त्याचे श्रेयांक (क्रेडिट) पदवीत धरले जातात का?

उत्तर : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून करता येतात. मात्र कोणते चालतील ते विद्यापीठ ठरवते, म्हणून नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी होकार घ्यावा. त्यातील ‘एनपीटीईएल’च्या (आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएस्सी चालवतात त्या उपक्रमाच्या) अभ्यासक्रमांत साधारणपणे साप्ताहिक स्वाध्यायांना २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण असतात, परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते आणि मुले नेमकी ती नोंदणीच विसरतात.