वाचकांचे प्रश्न : थंडीतलं कासवाचं घर

या वेळच्या पत्रांपैकी चार जमिनीवरच्या कासवांबद्दलची आहेत. पाण्यातल्या कासवांचं गणित वेगळं असतं, त्यामुळे टाकी ठेवणाऱ्यांनी यातलं माप आपल्याकडे लावू नये.

प्रश्न : मुलगा कॅनडात एडमंटनला असतो. त्याच्याकडे रेडफूट जातीचं पाच वर्षांचं कासव आहे, लांबी 25 सेंटिमीटर. ते तळघरात, वरून उघड्या लाकडी पेटीत असतं. हिवाळ्यात तिथे 16 अंश तापमान असतं. 75 वॅटचा दिवा काढून 150 चा लावला, तरी त्याचं नाक वाहतं आणि पाठीवर उंचवटे येत आहेत. मी ऑक्टोबरात सहा महिन्यांसाठी जातोय. भोसरीत माझी सुतारकामाची शेड होती, त्यामुळे बांधकामाची धास्ती नाही. काय बांधू आणि इथून काय नेऊ? (कोथरूड)

उत्तर : नाकाचं आधी. सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर गाठा, घर नंतर. श्वसनाचा संसर्ग नुसत्या उबेने बरा होईलच असं नाही.

आता दिवा. तो वाढवला हीच चूक झाली. बाहेर उणे 20 अंश असताना आत येणाऱ्या हवेत पाणी जवळजवळ नसतं. ती हवा तापली की घरातली आर्द्रता 20 टक्क्यांच्या खाली जाणं नवल नाही. रेडफूट दक्षिण अमेरिकेतल्या दमट रानातलं आणि रानाच्या कडेचं कासव आहे, त्याला 70 ते 80 टक्के आर्द्रता लागते. उघड्या पेटीतून ऊब आणि ओल दोन्ही वर निघून जातात, आणि वरचा मोठा दिवा कवच आणखी सुकवतो. वाढीच्या वयात कवच असं कोरडं पडलं की उंचवटे येतात. आलेले उंचवटे सपाट होत नाहीत, पण पुढची वाढ गुळगुळीत होऊ शकते. म्हणून सहाही बाजूंनी बंद पेटी हवी.

माप 8 बाय 4 फूट, उंची 3 फूट. प्लायचा शीट तिथेही 8 बाय 4 चाच मिळतो, त्यामुळे वाया काही जात नाही. आतल्या भिंतींसाठी 12 मिलिमीटरचे दोन शीट पुरतात : एकातून मागची 8 बाय 3 ची बाजू आणि पुढची खालची 8 बाय 1 ची पट्टी, दुसऱ्यातून 4 बाय 3 चे दोन्ही टोकांचे तुकडे. उरलेल्या पट्टीतून पुढची वरची सहा इंची झालर काढा, दिवे तिच्या आड लपतात. मधे दीड फुटाचं दार. तळ आणि झाकण 18 मिलिमीटरचं.

भिंतींना बाहेरून दीड इंची बॅटन, त्यांच्यामध्ये दीड इंची एक्सपीएस फोम (थर्मोकोलसारखा, पण जास्त घट्ट) आणि वरून 6 मिलिमीटरचा प्लाय. तळालाही खालून तसंच, झाकणाला वरून. तिथल्या दुकानात ‘टू बाय टू’ मागितलं की हातात येतं ते दीड बाय दीड इंच, आणि ‘टू बाय फोर’ म्हणजे दीड बाय साडेतीन. नावाच्या मापाने कापायला घेतलंत तर एकही सांधा जुळणार नाही. फोम कुठेही उघडा ठेवू नका. तो पेट घेतो, आणि कासवाला दिसला तर ते तो खातं.

दाराला काच लावायचा मोह होईल, आणि हिशोब तिथेच फसतो. पेटीचं एकूण क्षेत्रफळ 136 चौरस फूट, दार त्यातलं फक्त 12. तरी एकेरी काचेतून दर अंशाच्या फरकाला सुमारे 6 वॅट उष्णता जाते आणि बाकीच्या सगळ्या पेटीतून मिळून साडेसात. म्हणजे एक दशांशाहून कमी जागेतून जवळजवळ निम्मी ऊब बाहेर. 10 मिलिमीटरचं दोन पदरी पॉलिकार्बोनेट घेतलंत तर हे 6 वॅट सव्वातीनवर येतात. कासव थोडं धुरकट दिसेल, एवढंच. मुलाला ते चालणार नसेल तर मधला एक तुकडा काचेचा करा.

बाहेर 16, आत 28, फरक 12 अंशांचा. पॉलिकार्बोनेट लावलं तर सुमारे 130 वॅट लागतात, हवा खेळती ठेवण्याचे धरून 150 ते 200. त्याप्रमाणे सामान असं :

दिवसा 12 तास 50 वॅटचे दोन फ्लड दिवे शेजारीशेजारी. एकाच टोकदार झोताच्या दिव्याने पाठीचा मधला भाग भाजतो आणि पोट गार राहतं, दोन दिव्यांनी सगळं कवच सारखं तापतं. दिव्यांखाली कवचाच्या उंचीवर 32 अंश मिळायला हवेत. सोबत 54 वॅटची सरळ टी-5 यूव्हीबी (अतिनील किरणांची) नळी, 6 टक्क्यांची, परावर्तकासह, कासवाच्या पाठीपासून 40 ते 50 सेंटिमीटर वर. ती पेटीच्या आतच हवी, कारण काच आणि पॉलिकार्बोनेट दोन्ही यूव्हीबी अडवतात. नळी उजेड देत राहते पण तिचं यूव्हीबी घटत जातं, म्हणून वर्षाने बदला. पेटीचा निम्मा भाग तिच्या उजेडाबाहेर राहू द्या.

रात्री उजेड नको. उजेड न देता फक्त ऊब देणारे 100 वॅटचे दोन सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर 25 अंशांना लावा. होल्डर चिनी मातीचेच घ्या, प्लॅस्टिकचे वितळतात. झाकणाच्या प्लायला हीटरवर सिमेंट बोर्डाचा तुकडा ठोका आणि हीटरला जाळी लावा.

थर्मोस्टॅटचा सेन्सर थंड टोकाला, कवचाच्या उंचीवर, दिव्याच्या थेट झोताबाहेर घट्ट बांधा. तो सुटून पेटीबाहेर लोंबला की त्याला 16 अंश दिसतात, आणि हीटर थांबतच नाही. अशा पेट्यांमध्ये कासवं अशानेही दगावतात. म्हणून 33 अंशांना सगळंच बंद करणारा दुसरा, वेगळा थर्मोस्टॅट मालिकेत टाका. उन्हाळ्याची आठवणही आत्ताच देऊन ठेवतो : तळघर 22 वर गेलं की दिवसाचे 154 वॅट बंद पेटीला 36 पर्यंत नेऊ शकतात. तेव्हा एक दिवा काढायचा. एका टोकाला खाली आणि दुसऱ्या टोकाला वर, पाच सेंटिमीटरची दोन-दोन भोकं सरकत्या झाकणांसह ठेवा आणि गरजेप्रमाणे उघडा.

ओल आतच राहावी म्हणून तळाला आणि भिंतींवर एक फुटापर्यंत तळ्यासाठी वापरतात ती 1 मिलिमीटरची ईपीडीएम रबर शीट. कोपऱ्यात ती कापायची नाही, दुमडायची. स्टेपल मातीच्या पातळीच्या वरच. उरलेल्या प्लायला इपॉक्सीचे दोन हात, वास पूर्ण जाईपर्यंत कासव आत नाही. 16 अंशांच्या तळघरात त्याला दोन आठवडे धरा. सिलिकॉन मत्स्यटाकीचं घ्या. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं.

मातीचा थर सहा इंच, म्हणजे 450 लिटर. पाच किलोच्या कोकोपीट विटेचे भिजवून सुमारे 70 लिटर होतात. चार विटा घ्या आणि बाकी 170 लिटर ऑर्किडसाठीची साल. देवदार किंवा पाइनचा भुसा नको, त्यातली तेलं त्रास देतात. कोमट पाणी कोपऱ्यांतून ओतायचं, वरून शिंपडायचं नाही. खालचा थर ओला आणि वरचा जेमतेम दमट राहिला पाहिजे. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण थेंब गळू नये. वरचा थर सतत चिंब राहिला की पोटाचं कवच कुजायला लागतं. बुरशीवर आयसोपॉड आणि स्प्रिंगटेल सोडा, ते बारीक जीव ती खाऊन टाकतात.

पेटी बाहेरच्या भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे ठेवा, नाहीतर मागच्या गार भिंतीवर दव धरतं आणि काळं पडतं. ओल्या मातीसह सगळ्याचं वजन 300 किलोच्या आसपास जाईल. तळघराच्या काँक्रीटवर चालेल.

इथून नेण्याबद्दल : दिवे, हीटर, थर्मोस्टॅट काही नेऊ नका. तिथे 120 व्होल्ट आहेत. आपला 230 व्होल्टचा 100 वॅटचा सिरॅमिक हीटर तिथे जेमतेम 27 वॅट देईल, आणि तो खराब आहे असं वाटून तुम्ही दुसरा घ्याल. इथल्या ड्रिल मशीनचंही तेच. गुण्या, टेप आणि पटाशी घेऊन जा. विजेच्या जोडणीला आपल्याकडे गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी असतो, तसा तिथे जीएफसीआयचा पॉइंट मिळतो. पेटीची जोडणी त्यावरूनच हवी. हिवाळ्यात रोज साडेतीन ते चार युनिट जळतील.

प्रश्न : आमच्याकडे सल्काटा कासव आहे, 35 सेंटिमीटरचं, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलेलं. दिवसभर गच्चीवर असतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री 9 अंशांपर्यंत उतरतं, तेव्हा पोत्यांनी झाकतो आणि खाली हीटिंग पॅड ठेवतो. एवढं बस आहे ना? (बाणेर)

उत्तर : नाही. पॅड आजच काढा. कासवाला पोटाखालच्या उष्णतेचा अंदाज नीट येत नाही. जमीन तापली तर निसर्गात त्याला खोल खणून गारव्याला जायचं माहीत असतं, पॅडवर बसून ते भाजून घेतं. आणि पोतं ऊब तयार करत नाही, असलेली टिकवतं. रात्रभर गार पडलेल्या कासवाला टिकवण्यासारखी ऊबच नसते.

पुण्याचं एक बरं आहे : थंडीतही दुपारी ऊन 28-30 अंशांचं मिळतं. म्हणून तुम्हाला फक्त रात्रीची खोली हवी. 4 बाय 4 फूट, उंची अडीच फूट. आयएस 710 चा मरीन प्लाय घ्या, साधा कमर्शियल एका पावसाळ्यात फुगेल. दोन प्लायच्या मध्ये 50 मिलिमीटरचं थर्मोकोल. चारी कोपऱ्यांखाली विटा ठेवा, गच्चीवरचं पाणी तळाखालून गेलं पाहिजे. दारावर शीतगृहांत असतात तशा पीव्हीसी पट्ट्या, प्रत्येक पट्टी शेजारचीवर निम्मी येईल अशा. शक्य असेल तर पट्ट्यांचे दोन पडदे, मध्ये फूटभर जागा ठेवून. सल्काटा ढुशा मारतं, तेव्हा पट्ट्या स्क्रू-वॉशरने नाही, तर वर ॲल्युमिनियमची पट्टी दाबून बसवा.

9 वरून 27 पर्यंत न्यायला भिंतींतून 72 वॅट लागतात, दारातून गळणारं धरून दीडशेपर्यंत. 100 वॅटचे दोन सिरॅमिक हीटर एका कोपऱ्यात टांगा, आणि त्याखाली कासव जाऊच शकणार नाही अशी दोन विटांची भिंत घाला. हवा तापायला हवी, पाठ नाही. नाहीतर कासव उंच होत जातं तसं ते हीटरच्या जवळ येतं, आणि पाठीच्या टोकावर भाजल्याचे डाग पडतात. लाल ‘झिरो’चा दिवा रात्री लावायची पद्धत आहे, तो काढा. झोप मोडते आणि ऊबही नाममात्र. महावितरणची वीज गेली तर बंद पेटी तास-दोन तास सहज तग धरते.

सल्काटा हायबरनेशनला (शीतनिद्रेत) जात नाही. थंडीत खाणं सोडून निपचित बसलं तर ती झोप समजू नका. आणखी एक : प्रौढ सल्काटा 60-70 सेंटिमीटर आणि 40 किलोंच्या पुढे जातं. ही पेटी काही वर्षांचीच आहे.

प्रश्न : जुना फ्रीज आडवा करून कासवाची पेटी करता येईल का? (चिंचवड)

उत्तर : उष्णतारोधक म्हणून उत्तम, पण दाराचं रबर हवा पूर्ण बंद करतं. दार काढून टाकलं तरच विचार करा. भोकं पाडताना सांभाळा, बऱ्याच फ्रीजमध्ये गॅसच्या नळ्या बाजूच्या भिंतीतच असतात. गॅस आधी मेकॅनिककडून काढून घ्या.

प्रश्न : गावाकडे शेतात पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव सापडलं. मुलं ते पुण्याला आणून ठेवायचं म्हणतात. तुमच्या पद्धतीने पेटी केली तर चालेल? (सातारा रस्ता)

उत्तर : पेटी कितीही चांगली केलीत तरी नाही. ते तारांकित कासव आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं. बाळगणं गुन्हा आहे, कुणी ‘भेट’ दिलेलं असलं तरी. शेतात दिसलं तर जिथे आहे तिथेच राहू द्या. घरी आणून झालं असेल तर स्वतः कुठेतरी सोडायला जाऊ नका. वन विभागाच्या हॅलो फॉरेस्ट 1926 या क्रमांकावर कळवा, आणि ते येईपर्यंत हवा जाईल अशा खोक्यात, सावलीत ठेवा. उथळ बशीत पाणी द्या, खायला काही नको.