हॅलोपेरिडॉलने भावाची मान वाकडी झाली, गोळी बंद करावी का?

तुम्ही लिहिलंय की भास होतात म्हणून भावाला हॅलोपेरिडॉल सुरू केलं, तिसऱ्या दिवशी त्याची मान एका बाजूला ओढली गेली आणि आता घरचे 'बंद करा' म्हणताहेत. परस्पर बंद करू नका, पण पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांशी बोला. मान अजून आखडलेली असेल, जीभ जड झाली असेल किंवा गिळायला त्रास होत असेल, तर फोन करत बसू नका, थेट दवाखान्यात न्या.

माझ्या दादाला स्किझोफ्रेनिया आहे, त्याच्या गोळ्या मीच सांभाळते. त्याचीही मान अशीच वळली, डोळे वर चढले. शेजारच्या काकू दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या. दवाखान्यात प्रोमेथॅझिनचं इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात मान सरळ झाली. हॅलोपेरिडॉल मेंदूत निरोप पोचवणाऱ्या डोपामिन या रसायनाचं काम अडवतं, त्यामुळे भास आणि संशय ओसरतात. पण हालचालींनाही तेच डोपामिन लागतं. म्हणून पहिल्या काही दिवसांत, विशेषतः तरुण मुलांना, असं होतं. डॉक्टर बहुधा सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल, म्हणजे हे आखडणं कमी करणारी गोळी, देतील.

मला जास्त काळजी या गोळीने सुरू होणाऱ्या येरझाऱ्यांची वाटते. दादा ताटावर बसायचा आणि दोन घास खाऊन उठायचा. उभा राहिला तरी पाय जागेवर ठरत नसत. घरच्यांना वाटतं आजार उसळला. आपण डॉक्टरांना 'चिडचिड वाढलीय' एवढंच सांगतो, मग डोस वाढतो आणि येरझाऱ्याही वाढतात. म्हणून नीट सांगा: हे गोळीनंतर सुरू झालं का, त्याला आतून कसं वाटतं. मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवा. डोस कमी करून किंवा प्रोप्रॅनोलॉल देऊन यावर उपाय होतो.

हात थरथरणं, लाळ गळणं हेही सांगायचं. औषध बराच काळ चाललं आणि तोंड सारखं चघळल्यासारखं हलू लागलं, तर लगेच दाखवा, कारण ते कायमचं राहू शकतं. जोराचा ताप, ताठलेलं अंग आणि बरळणं एकत्र दिसलं, तर रात्र असली तरी इस्पितळ गाठा.

औषध जुनं आहे, 1958 साली बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं. तरी ते टाकाऊ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आजही आहे, त्याची सवय लागत नाही आणि ते स्वस्तात मिळतं. त्रास सोसवतच नसेल, तर ओलान्झपिनसारखी नवी गोळी चालेल का ते जरूर विचारा. तिच्यात आखडणं कमी, पण वजन आणि साखर वाढू शकते, तेव्हा दोन्ही आधी तपासून घ्या.