वाचकांचे प्रश्न : समुद्राच्या पोटातली उष्णता

प्रश्न : वाढलेल्या उष्णतेपैकी नव्वद टक्के समुद्रात गेली म्हणतात. मग हवेपेक्षा समुद्रच जास्त तापायला पाहिजे होता. हा हिशेब जुळतो कसा? (एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर : उष्णता आणि तापमान वेगळं धरा, हिशेब जुळेल. १९७१ ते २०१८ या काळात पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे ९१ टक्के समुद्राने घेतली. जमिनीने ५ घेतली, ३ बर्फ वितळण्यात गेली आणि हवेच्या वाट्याला जेमतेम १ टक्का आली. एक किलो हवा एक अंशाने तापवायला साधारण १ किलोज्यूल पुरतो, खाऱ्या पाण्याला ४ लागतात. शिवाय पाण्याचं एकूण वजन हवेच्या कितीतरी पट. सगळं वातावरण एक अंशाने तापवेल एवढी उष्णता समुद्राच्या वरच्या साडेतीन मीटरांत, म्हणजे दोन पुरुष पाण्यात, मुरते. समुद्राची सरासरी खोली आहे ३,७०० मीटर.

तरी पृष्ठभाग तापलाच आहे. १८५०-१९०० च्या तुलनेत २०११-२०२० मध्ये समुद्राचा पृष्ठभाग ०.८८ अंशाने आणि जमिनीवरची हवा १.५९ अंशाने जास्त होती.

‘तापलेली हवा समुद्राला शेकते’ असं मात्र समजू नका. समुद्र तापतो तो मुख्यतः उन्हाने. ऊन पाण्यात कित्येक मीटर खोल शिरतं. कार्बन डायऑक्साइड वाढला की पाण्यातून बाहेर पडणारी उष्णता कमी होते. गोधडी स्वतः ऊब तयार करत नाही, अंगातली ऊब अडवते, तसंच हे.

प्रश्न : हे सातवीच्या मुलांना वर्गात दाखवता येईल का? प्रयोगशाळा नाही. (एक शिक्षिका, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : येईल. एक शेगडी, दोन सारखे गंज, ०-११० अंशांचा थर्मामीटर, तराजू आणि घड्याळ एवढं पुरे. एका गंजात ५०० ग्रॅम पाणी घ्या, दुसऱ्यात ५०० ग्रॅम खाण्याचं तेल. पाणी मध्यम आचेवर ठेवून २० अंश वाढायला किती वेळ लागतो ते लिहा. आचेला हात न लावता तेलाला तेवढाच वेळ द्या. तेल जवळजवळ दुप्पट, ४० अंशांच्या आसपास वाढेल.

प्रयोग फसतो तो बहुधा मापाने. अर्धा लिटर तेल ४६० ग्रॅमच भरतं, म्हणून लिटरने मोजू नका, वजन करा. थर्मामीटर बुडाला टेकला तर आकडा फुगतो; तो मध्ये धरा आणि वाचण्याआधी पळीने ढवळा. दुसऱ्या खेपेला शेगडी आधीच तापलेली असते, तेव्हा दोन्ही वेळा ती दोन मिनिटं पेटवून मगच गंज ठेवा. तेलाचा गंज आणि पळी कोरडी ठक्क हवी, पाण्याचा थेंब पडला की तेल उडतं. तेल ८० अंशांवर जाऊ देऊ नका आणि आच तुमच्याच हातात ठेवा.

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं वरचं पाणी कोमट असते, अन् फूटवॉल खाली असल्यानं मोटरीचं पाणी गार येते. समुद्रातही तसंच असेल तर उष्णता खाली जाते कशी? (एक शेतकरी, ता. चिखली, जि. बुलडाणा)

उत्तर : फार नेमकं निरीक्षण. कोमट पाणी हलकं, म्हणून वर तरंगतं, समुद्रातही तेच. पण विहिरीवर वारा लागत नाही, समुद्रावर लागतो. लाटा वरचे वीस-पन्नास मीटर, वादळी हिवाळ्यात शेकडो मीटर, घुसळून काढतात.

दुसरी वाटही तुमच्या विहिरीतच दिसेल. हिवाळ्यात पहाटे पाण्यावर वाफा दिसतात, तेव्हा वरचं पाणी थंड होऊन जड होतं, खाली बसतं आणि खालचं वर येतं. ग्रीनलँडच्या आसपास आणि अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगत हेच घडतं. तिथलं थंड, खारट पाणी हजारो मीटर खाली उतरतं आणि प्रवाहांबरोबर शेकडो वर्षं फिरत राहतं. वरचा थर जास्त तापला की ही सरमिसळ मंदावते आणि खालच्या पाण्याला प्राणवायूही कमी पोचतो.

बंगालच्या उपसागरात आणखी एक भानगड आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं, हलकं पाणी वर झाकणासारखं बसतं. वाऱ्याने ते सहजासहजी मोडत नाही, म्हणून पावसाळ्यात तिथला पृष्ठभाग बहुधा २८ अंशांच्या वर राहतो. विदर्भात झड लावणारे कमी दाबाचे पट्टे बरेचदा तिकडूनच येतात आणि हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते.

प्रश्न : एवढ्या खोल पाण्याचं तापमान मोजतं कोण? (एक विद्यार्थी, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

उत्तर : आर्गो नावाचे तरंगते यंत्रमानव, जगभरात सुमारे ४,०००. प्रत्येक जण १,००० मीटरवर नऊएक दिवस वाहत राहतो, मग २,००० मीटरवर उतरतो आणि वर येताना तापमान व खारटपणा टिपतो. एक पिशवी तेलाने फुगवली की आकारमान वाढून तो वर येतो, तेल आत ओढलं की बुडतो. वर आला की उपग्रहाला आकडे देतो. भारताचं हे काम हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडे आहे.