ओंडके चिरून फळ्या काढायच्या घरगुती लाकूड-मिलवर चेनसॉचा बार (ज्या पोलादी पट्टीभोवती चेन फिरते ती) कसा बसवावा? भोक पाडून की क्लॅम्पने?

क्लॅम्पनेच. बारचं पोलाद कडक असतं, साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं. शिवाय टोकाच्या स्प्रॉकेटजवळ (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाजवळ) भोक पडलं तर बार वायाच गेला समजा.

दोन जाड लोखंडी पट्ट्यांमध्ये बार मधोमध पकडा. पट्टीची रुंदी बारपेक्षा कमीच हवी. ती बारच्या कडेच्या, चेन जिच्यातून धावते त्या खाचेवर दाबली गेली की खाच चिमटते आणि चेन अडकते. टोकाकडचा क्लॅम्प स्प्रॉकेटच्या अलीकडे ठेवा. नट लॉकिंगचेच घ्या, थरथराटाने साधे नट हमखास सैल होतात. इंजिन बंद ठेवून, हातमोजे घालून चेन हाताने पूर्ण फिरवून बघा. कुठेही घासता कामा नये.

चेन मात्र उभ्या कापाची, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने चिरणारी घ्या, साधारण 10 अंश धारेची. पहिल्या कापानंतर चेन तापून सैल पडते, ती थंड झाल्यावरच ताणा.