‘घरातलं घरात’ मिटवायचं का?

«माझा नऊ वर्षांचा मुलगा यंदा गणपतीला गावी यायला तयार नाही. खूप विचारल्यावर म्हणाला, काका रात्री नको तिथे हात लावतो. काका म्हणजे माझा चुलत दीर. सासूबाई म्हणतात, मुलगाच आहे, त्याला काय होतंय, घरातलं घरात मिटवा. नवरा गप्प आहे. काय करू?» – एक आई

ताई, लेकानं तोंड उघडलं आणि तुम्ही त्याला खोटं पाडलं नाहीत, हे फार मोलाचं आहे. आता पुन्हा पुन्हा विचारू नका. ‘काकासमोर सांग बघू’ असली घरगुती चावडी तर अजिबात भरवू देऊ नका. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. ‘तुझं काही चुकलं नाही’ हे मात्र त्याला रोज ऐकू द्या.

‘मुलगाच आहे’ हे कायद्याला मान्य नाही. 2012च्या पोक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, 18 वर्षांखालचं प्रत्येक मूल येतं, मुलगा असो वा मुलगी. मूल 12 वर्षांखालचं असेल किंवा हात लावणारा नात्यातला असेल, तर गुन्हा जास्त गंभीर ठरतो. किमान 5 वर्षं कैद. उद्या कुणी म्हणेल, ‘कपड्यांवरूनच तर!’ कपड्यांवरून हात लावणं या गुन्ह्यात बसत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 2021मध्ये रद्द केला आहे.

आणि मिटवणं तुमच्या हातात नाहीच. याच कायद्याच्या कलम 19 नुसार ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवायलाच हवं. न कळवणाऱ्याला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हे नवऱ्याला शांतपणे वाचून दाखवा. (अब्रूची काळजी करणारी माणसं पोराच्या झोपेची का करत नाहीत, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.)

1098 या मुलांच्या मदतवाहिनीवर फोन करा किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा. घटना गावची असली तरी तक्रार इथेच घ्यावी लागते. मुलाचा जबाब घरीही होतो, तुम्ही शेजारी, पोलीस साध्या कपड्यांत. कोर्टात त्याला काकाचं तोंड पाहावं लागू नये, अशी सोय कायद्यात आहे. खटला वर्षभरात संपवावा असं कायदा म्हणतो, पण तारखा लांबतात, तेवढी तयारी ठेवा.

गणपतीची तिकिटं काढली असतील तर आजच रद्द करा.