अमेरिकेत वैमानिकांचं निवृत्तीचं वय ६५ वरून ६७ केलं, तर नव्या को-पायलटचं नुकसान कसं?

तुमचा मुद्दा असा, की वरचे कॅप्टन दोन वर्षं जास्त थांबले तरी शेवटी खालच्यालाही ती दोन वर्षं मिळणारच. मिळतील, पण तीस वर्षांनी, आणि तेही तोवर मेडिकल (उडायला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र) टिकलं तर. झळ मात्र आजपासून बसते.

अमेरिकन एअरलाइनमध्ये सगळं सिनियॉरिटी नंबरवर चालतं. रुजू झाल्याच्या तारखेवरून तो ठरतो. कोणतं विमान, कोणता बेस (ज्या विमानतळावरून ड्युटी सुरू होते तो), डावी सीट (कॅप्टनची) की उजवी (को-पायलटची), महिन्याचं रोस्टर, नाताळची सुट्टी, सगळ्यासाठी बिड, म्हणजे आपली पसंती, टाकायची आणि वरच्यांचं भागून उरेल ते घ्यायचं. दुसऱ्या कंपनीत गेलात तर वीस वर्षांचा अनुभवी कॅप्टनसुद्धा यादीच्या तळाशी जातो. कपात आली की ती खालून सुरू होते. कंपनी वाढली तर तुमच्या खाली माणसं येतात, जागाही वाढतात. पण नंबर स्वतः पुढे सरकतो तो वरचं कोणी गेलं तरच.

आता एक निवृत्ती बघा. लांब पल्ल्याच्या मोठ्या बोइंग ७७७ चा कॅप्टन गेला. त्याच्या जागी लहान ७३७ चा कॅप्टन आला, त्या सीटवर ७७७ चा को-पायलट, त्याच्या जागी ७३७ चा को-पायलट आणि तिथे नवी भरती. एक माणूस घरी गेला की चार जण नव्या सीटच्या ट्रेनिंगसाठी सिम्युलेटरमध्ये जातात. तो एक थांबला, तर चौघं जागच्या जागी.

हे एकदा घडून गेलंय. १३ डिसेंबर २००७ ला मर्यादा ६० वरून ६५ झाली. वयामुळे होणाऱ्या निवृत्त्या जवळपास पाच वर्षं थांबल्या, आणि त्यातच २००८ ची मंदी आली. ज्यांची साठी आधीच उलटली होती त्यांना जुना नंबर परत मिळाला नाही; यायचं तर नव्या उमेदवारासारखं तळापासून.

६७ ची अडचण आणखी वेगळी आहे. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक उड्डाणांना आयकाओची (संयुक्त राष्ट्रांची नागरी विमान वाहतूक संघटना) मर्यादा ६५ आहे. म्हणजे ६६ वर्षांचा ७७७ कॅप्टन लंडनला जाऊ शकणार नाही. तो देशांतर्गत उड्डाणांवर, बहुधा ७३७ वर येणार, आणि येताना यादीतला आपला वरचा नंबर घेऊन येणार. तिथला धाकटा कॅप्टन खाली ढकलला जाईल, त्याच्याखालचा को-पायलट आणखी खाली. मगाचीच साखळी उलटी फिरेल आणि प्रत्येक टप्प्यावर ट्रेनिंगचा खर्च येईल. प्रतिनिधीगृहाने २०२३ मध्ये ६७ ला मंजुरी दिली होती, पण मे २०२४ च्या कायद्यात ६५च राहिलं. माझ्या मते ते योग्य झालं. आयकाओच्या आधी एकट्या अमेरिकेने वय वाढवणं म्हणजे हा गोंधळ ओढवून घेणं.

तळाला अडकणं म्हणजे मुख्यतः रिझर्व्ह: ठरलेली उड्डाणं नाहीत, ऐनवेळी लागेल तेव्हा जायचं. शॉर्ट-कॉलवर असलात तर एका दिवशी कमाल १४ तास फोन उचलायला तयार राहायचं आणि बोलावलं की साधारण दोन तासांत विमानतळावर हजर. घर दुसऱ्या शहरात असेल तर बेसजवळ क्रॅश पॅडमध्ये, म्हणजे अनेक वैमानिकांनी मिळून वापरायच्या खोलीत, भाड्याची बंक. पगाराचा ताशी दर नोकरीच्या वर्षांप्रमाणे थोडा चढत राहतो, पण खरी उडी सीट आणि विमान बदलल्यावरच असते. ती दोन वर्षं पुढे गेली की मधल्या फरकाची रक्कम आणि त्यावरची पेन्शनची गुंतवणूक दोन्ही हुकतात.

स्वतःपुरता हिशेब असा मांडा: तुमच्या वर असलेल्यांपैकी दरवर्षी किती जण ६५ चे होतात ते मोजा. समजा यादी १०,००० ची, तुम्ही ९,२०० वर आणि वर्षाला ४०० निवृत्त्या. दोन वर्षं त्या थांबल्या तर ८०० नंबर हुकले. मात्र पूर्ण यादीतला नंबर बघून बेस निवडू नका. त्या बेसला, त्या विमानावर, त्या सीटवर तुम्ही वरून किती टक्क्यांवर येता ते बघा. रिझर्व्ह सुटेल की नाही हे त्यावर ठरतं.